छापील किंमत

भाऊंनी पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसून राहिले. आधी पावसाचं बोलणं झालं. मग पेडण्यातल्या त्यांच्या घराच्या कौलांचं. मी चहा टाकला. पैशाचं दुखणं घेऊन आलेला माणूस आधी कौलांवर बोलतो, हे मला आता कळतं.

पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला आलेले गोवेकर हजारांनी आहेत, भाऊ त्यांतले एक. वेअरहाउसात रात्रपाळी करतात. २०२२ च्या नोव्हेंबरात गळक्या पत्र्याखाली साचलेल्या पाण्यावरून घसरले आणि डावं मनगट मोडलं. अकरा आठवडे घरी होते. कुणीतरी 'नो विन नो फी'वाल्या सॉलिसिटर फर्मचा नंबर दिला. दहा महिन्यांत मालकाच्या विमा कंपनीनं ८,४०० पौंड कबूल केले. त्यांतले ६,५०० दुखण्याचे, १,९०० बुडालेल्या पगाराचे. भाऊंच्या खात्यात आले ५,९०५.

माझ्याशी ते मराठीत बोलतात, पण वैतागले की कोकणीत घसरतात.

"बाय, पंचवीस टक्के म्हणाले होते. चौथा हिस्सा गेला असं धरूनच मी चाललो होतो. पण हे चौथ्यापेक्षा जास्त गेलंय. आणि वर हा कागद असा लिहिलाय, की मीच त्यांचे पाय धरायला हवेत. म्हाका कळना."

कागद मला एका नजरेत कळला, कारण असले कागद काढणं हाच माझा धंदा. इंग्लंडात वकिलांची बिलं काढून देणारा वेगळा व्यवसाय आहे. आम्हाला कॉस्ट्स ड्राफ्ट्समन म्हणतात. बाई असली तरी ड्राफ्ट्समनच. खटला संपला की सॉलिसिटरची फाइल आमच्याकडे येते. पान न् पान चाळून कुणी, कोणत्या कामावर, किती वेळ घालवला ते आम्ही मांडतो. वेळेचं माप सहा मिनिटांचं, म्हणजे तासाची दहा युनिटं. साधं पत्र गेलं, एक युनिट. फोन दोन मिनिटांत आटोपला, तरी एक युनिट. २००९ पासून मी हे करते आहे. त्याआधी सांगलीला एका वकिलांकडे टायपिंग करत होते. तिथे फीचा हिशेब फाइलच्या पाठीवर पेन्सिलीनं असायचा. दोनच रकाने: आलेले, राहिलेले.

भाऊंच्या बिलात रकाने भरपूर होते. मूळ काम साडेएकोणीस तास, तासाला २०० पौंड, म्हणजे ३,९००. त्यावर यशाची फी, जिला इथे सक्सेस फी म्हणतात, ती शंभर टक्के, म्हणजे आणखी ३,९००. दोन्हींवर वीस टक्के व्हॅट धरून ९,३६०. त्यातून विमा कंपनीकडून आलेले व्हॅटसह १,०८० वजा. राहिले ८,२८०. आणि मग ठळक अक्षरांत: आमच्या वचनाप्रमाणे आम्ही तुमच्याकडून फक्त २,१०० पौंड घेत आहोत. त्याखाली बारीक अक्षरांत, दावा हरल्यास खर्च भरून देणाऱ्या विम्याचा प्रीमियम ३९५, वेगळा.

ही मांडणी मला चांगली ठाऊक आहे, मीच कित्येकदा केली आहे. आधी डोंगर दाखवायचा, मग त्याची टेकडी करून हातात द्यायची. दिवाळीच्या सेलमध्ये चार हजारांवर काट मारून अकराशे लिहितात ना, तसंच. वाचणाऱ्याला वाटतं, सहा हजार पौंड सोडले की हो यांनी! सोडलेले पैसे मुळात होते कुठे, हे कोण विचारतो?

सांगलीतून आलेल्या मला या व्यवसायाचं पहिलं नवल वाटलं ते टक्क्याचंच. आपल्याकडे बार काउन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मना आहे. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये पुन्हा बजावलं, की हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तरी मोटार अपघाताच्या दाव्यात टक्का ठरतो, हे कोर्टाबाहेर चहा देणाऱ्या पोरालाही माहीत असतं; तो फक्त कागदावर नसतो. इथे तो कागदावर असतो, चौदा पानांच्या करारात, आणि तरीही कळत नाही.

इथेही हे पूर्वापार चालत आलेलं नाही. निकालावर ठरणाऱ्या फीला परवानगी देणारा कायदा १९९० चा, प्रत्यक्ष करार सुरू झाले १९९५ पासून. २००० साली अपघाताच्या दाव्यांची सरकारी कायदेमदत जवळजवळ बंद केली आणि बदल्यात सक्सेस फी हरणाऱ्याच्या माथी मारली. मी कामाला लागले तेव्हा तेच चालू होतं. ग्राहकाला पूर्ण भरपाई मिळायची. बिल जायचं समोरच्या विमा कंपनीकडे, आणि कंपनी एकेका युनिटासाठी भांडायची. ग्राहक बिलाकडे ढुंकूनही बघत नसे. त्याच्या खिशातून काही जात नसेल तर बघेल कशाला? मग लॉर्ड न्यायमूर्ती जॅक्सन यांचा अहवाल आला आणि १ एप्रिल २०१३ पासून पारडं फिरलं. सक्सेस फी आता ग्राहकानं स्वतःच्या भरपाईतून द्यायची. माणूस अगदीच नागवला जाऊ नये म्हणून कायद्यानं मर्यादा घातली: अपघाताच्या दाव्यात ही फी, व्हॅट धरून, दुखण्याची भरपाई आणि आजवरचं नुकसान यांच्या पंचवीस टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पुढच्या आयुष्यासाठी मिळालेल्या पैशाला तर हात लावायचाच नाही.

मर्यादा घालणाऱ्यांच्या मनात काय होतं कोण जाणे. झालं मात्र असं, की पंचवीस हा दरच होऊन बसला. आपल्याकडे पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापतात. दुकानदारानं त्याच्या वर घेऊ नये म्हणून. पण छापील किमतीपेक्षा कमी घेणारा दुकानदार शेवटचा कधी भेटला होता? तसंच हे. सोपा दावा असो की अवघड, मालकानं पहिल्याच महिन्यात चूक कबूल केलेली असो की शेवटपर्यंत भांडलेला असो, फी एकच. शिवाय एक खोच लोकांना कळतच नाही. कायद्याचा अंकुश फक्त सक्सेस फीवर आहे. मूळ फीतला जो भाग समोरच्याकडून वसूल होत नाही, त्यावर तो नाही. विम्याच्या प्रीमियमवरही नाही. भाऊंच्या फर्मनं दोन्ही फिया मिळून पंचवीस टक्के असं वचन दिलं होतं, म्हणजे त्यातल्या त्यात बरी फर्म. प्रीमियम मात्र वचनाबाहेर. २,१०० आणि ३९५ मिळून २,४९५. तीस टक्क्यांना टेकलेच.

"म्हणजे लुटलंच की," भाऊ म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं नाही. सवयीनं आधी तारीख पाहिली. बिल निघून सदतीस दिवस झाले होते.

१९७४ च्या सॉलिसिटर्स ॲक्टचं सत्तरावं कलम सांगतं, की बिल हाती आल्यापासून एका महिन्यात ग्राहकानं कोर्टाकडे तपासणी मागितली, तर कोर्टाला ती करावीच लागते. महिना उलटला की हक्क संपतो आणि विनंती सुरू होते. बिल भरून झालं असेल तर 'विशेष परिस्थिती' दाखवावी लागते. आता भाऊंनी बिल भरलं होतं का? त्यांनी तर एक पैही दिली नव्हती. फर्मनंच कापून घेतली होती. पण भाऊ माझ्याकडे आले त्याच वर्षीच्या जुलैत अपील कोर्टानं म्हटलं होतं, की करारात तसं ठरलं असेल तर कपात म्हणजेच भरणा. २०२४ च्या ऑक्टोबरात इथल्या सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं: बिल पाहून ग्राहकानं त्या रकमेला संमती दिलेली नसेल, तर नुसती कपात म्हणजे भरणा नव्हे. भाऊंना त्याचा काय उपयोग! ते वर्षभर आधी आले होते. बिल मुलाच्या ईमेलवर आलं होतं, मुलगा परीक्षेत होता, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मी मान हलवत राहिले.

समजा, महिन्याच्या आत आले असते, तरी मी त्यांना कोर्टात पाठवलं असतं का? पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. तक्रार अगदी जोरात लागू पडली आणि न्यायाधीशांनी साडेएकोणीसऐवजी नऊच तास मान्य केले असं धरू. नऊ तासांचे १,८००, व्हॅटसह २,१६०. त्यातून विमा कंपनीचे १,०८० गेले की १,०८०. सक्सेस फी शंभरावरून पंधरा टक्क्यांवर आणली तर व्हॅटसह ३२४. एकूण १,४०४. म्हणजे ६९६ पौंड परत. चांगलं आहे. पण त्याच कलमात एक-पंचमांशाचा नियम बसला आहे. बिल निदान पाचव्या हिश्श्यानं कमी झालं तर तपासणीचा खर्च सॉलिसिटरचा. नाही झालं तर ग्राहकाचा. आणि पाचवा हिस्सा धरायचा तो २,१०० चा नव्हे, विमा कंपनीनं दिलेले धरून ३,१८० चा. म्हणजे ६३६. आमच्याकडे ६९६. फरक साठ पौंडांचा! न्यायाधीशांनी नवाऐवजी दहा तास दिले, एवढा एकच तास जास्त दिला, की परतावा ४२० वर येतो, आपण पाचव्या हिश्श्याखाली जातो, आणि समोरच्या वकिलाचे हजारो पौंड अंगावर येतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं मी म्हटल्यावर भाऊ पहिल्यांदा हसले.

अपील कोर्टालाही मसाल्याचा वास आला असावा. २०२२ च्या ऑक्टोबरातल्या एका निकालात चारशेहून कमी पौंडांच्या सक्सेस फीचा वाद त्यांच्यापुढे होता. त्यांनी स्पष्ट लिहिलं, की इतक्या लहान रकमांसाठी हायकोर्टाची यंत्रणा वापरणं योग्य नाही, ग्राहकानं तक्रारी ऐकणाऱ्या लीगल ओम्बड्समनकडे जावं. तिथे ग्राहकाला खर्च नाही. मात्र आधी फर्मकडे तक्रार करायची आणि तिला आठ आठवडे द्यायचे.

मधल्या काळात इथे एक नवाच धंदा उभा राहिला आहे. जुन्या सॉलिसिटरचं बिल तपासून देणारे नवे सॉलिसिटर, 'नो विन नो फी' तत्त्वावरच. मिळालेल्या परताव्यात त्यांचाही वाटा. भाऊंना एकाचं पत्रक आलं होतं, तेही फोल्डरमध्ये होतं. मी ते दुमडून त्यांच्या हातात परत दिलं.

आमच्या कंपनीचं त्या फर्मशी कधी काम नव्हतं, हे मी आधी तपासून घेतलं. मग फर्मला भाऊंच्या नावानं एका पानाचं पत्र लिहून वेळेची नोंदवही मागितली. ती आली. रविवारी दुपारी मी ती घेऊन बसले, ऑफिसात बसते तशीच, पेन्सिल आणि पट्टी घेऊन.

साडेएकोणीस तासांत एक्केचाळीस युनिटं एकाच प्रकारची होती: ग्राहकाला संदेश. भाऊंच्या फोनवर ते सगळे सापडले. 'तुमचा दावा सुरू आहे. नवीन काही असल्यास कळवू.' दर सोमवारी, सकाळी ९ वाजून १ मिनिटानं. माणसाच्या हातून इतका नेमका सोमवार साधत नाही, यंत्रानंच पाठवलेले. एक्केचाळीस युनिटं म्हणजे चार तास सहा मिनिटं, म्हणजे ८२० पौंड. एका संदेशाला वीस पौंड, नवीन काही नाही हे सांगायला.

मला राग आला, आणि लगोलग आपण असे संदेश किती वेळा रकान्यात चढवलेत ते आठवलं. विमा कंपनीला जाणारं बिल असलं की आम्ही म्हणतो, चढवा, तो काटेल. काटणारा पलीकडे बसलेला असतो, हे गृहीत. ग्राहकाला जाणाऱ्या बिलात पलीकडे कुणी बसलेलं नसतं, भाऊंसारखा माणूस सोडून. त्याला तर ग्राहकानं मान्य केलेला खर्च वाजवीच मानायचा, असा नियमही आडवा येतो. मान्य कधी केला? सही केली तेव्हा.

सहीचीही नोंद होती. करार ईमेलनं गेला ३ वाजून ४२ मिनिटांनी, उघडला ३.४४ ला, सही ३.४६ ला. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या अंगठ्यानं फोनवर. चौदा पानं, दोन मिनिटं. आमच्या हिशेबानं एक युनिटसुद्धा होत नाही.

त्या करारात सक्सेस फी शंभर टक्के का, याचं कारण कुठेच दिलेलं नव्हतं. त्या फर्मच्या सगळ्याच करारांत ती शंभर टक्के असावी, असा माझा अंदाज. अपील कोर्टानं २०१९ मध्ये अशाच एका प्रकरणात, जोखीम न पाहता सरसकट लावलेली शंभर टक्क्यांची फी पंधरावर आणलेली कायम ठेवली होती. मागून येणाऱ्या बसनं गाडीला धडक दिलेली, चूक कुणाची यात शंका नाही. मग जोखीम कसली? फर्म म्हणाली होती, ग्राहकानं सही केली आहे. कोर्ट म्हणालं, नुसती सही पुरत नाही, समजून दिलेली संमती हवी. भाऊंच्या मालकानंही दावा दाखल झाल्यावर मुदतीतच चूक मान्य केली होती.

पण मला खरा मासा गळाला लागला तो पगाराच्या चिठ्ठीत. बुडालेला पगार सिद्ध करायला भाऊंनी फर्मला तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. प्रत्येकीत करांच्या खाली एक छोटी कपात: युनियन.

"भाऊ, तुम्ही युनियनचे मेंबर आहात?"

"म्हणजे काय! पहिल्या वर्षापासून."

"मग त्यांच्याकडे का नाही गेलात?"

"युनियन पगारासाठी असते ना?"

इथल्या बऱ्याच युनियन कामावर जखमी झालेल्या सभासदाला वकील देतात, आणि भरपाईतून काही न कापता. सॉलिसिटरनं करार करण्यापूर्वी ग्राहकाला विचारायलाच हवं, की युनियन, घराचा विमा, असं काही खर्च उचलणारं आहे का. फाइलमध्ये नोंद होती: 'ग्राहकाकडे अन्य विमा नसल्याची खात्री केली.' एक युनिट. भाऊंना आठवत होतं, फोनवरच्या मुलीनं विचारलं होतं, एनी इन्शुरन्स? त्यांना वाटलं गाडीचा. गाडी त्यांच्याकडे नाही. ते म्हणाले, नो.

युनियन शब्दच कुणी उच्चारला नाही. चिठ्ठी मात्र तिन्ही महिन्यांची फर्मच्याच फाइलमध्ये पडून होती.

दुसरं पत्र लिहिलं. मसुदा आधी ऑफिसच्या भाषेत उतरला, कलमांसकट. मग तो बाजूला ठेवून भाऊ बोलतील तसा लिहिला, साध्या इंग्रजीत. चिठ्ठीतली कपात, सोमवारचे संदेश, शंभर टक्क्यांचं कारण, प्रीमियम. शेवटी आठ आठवड्यांची मुदत आणि ओम्बड्समनचं नाव. फर्मचं पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं: आपण करारावर सही केलेली आहे. मी चिठ्ठीची प्रत पुन्हा जोडली, कपातीभोवती लाल गोल केला आणि एकच ओळ लिहिली: ही नोंद आपण केव्हा पाहिलीत?

सातव्या आठवड्यात उत्तर आलं. कोणतीही चूक मान्य न करता, केवळ सद्भावना म्हणून, प्रीमियमचे ३९५ पूर्ण आणि वर ४०० पौंड परत. एकूण ७९५. अट एवढीच, की वाद कायमचा मिटला असं लिहून द्यायचं. मी भाऊंना सांगितलं, ओम्बड्समनकडे गेलात तर कदाचित जास्त मिळेल, युनियनचा मुद्दा भक्कम आहे. पण वाट बघावी लागेल. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पावसाआधी कौलं बदलायची आहेत." आणि सही केली. या वेळी कागद पूर्ण वाचून, बोट ठेवून. मला चहाचा दुसरा कप करावा लागला.

माझ्या फीचा विषय त्यांनी दोनदा काढला, मी दोनदा उडवून लावला. फेब्रुवारीत गावाहून परतले तेव्हा थेट घरी आले. पिशवीतून काजूचे चार पुडे काढून टेबलावर ओळीनं मांडले. तीन पुन्हा पिशवीत भरले आणि एक माझ्याकडे सरकवला.

"पंचवीस टक्के."

"कमाल," मी म्हटलं.

ते दारापर्यंत गेले, परत फिरले, आणि कोटाच्या खिशातून आगळाची बाटली काढून पुड्याशेजारी ठेवली.

"हा प्रीमियम. तो वेगळा."